गिटारच्या खुंट्या बदलल्या: ठाण्यातल्या पाच आठवड्यांची नोंद

इलेक्ट्रिक गिटारच्या सहा खुंट्या बदलणं हे हात चालवायला घेतले तर एका दिवसाचं काम. मला 8 जून ते 13 जुलै 2025 एवढे दिवस लागले. बरेचसे दिवस मोजमापात, पार्सलची वाट बघण्यात आणि एका तुटलेल्या स्क्रूमागे गेले. या विषयावर जी माहिती सापडते ती बहुतेक परदेशातल्या वाचकांसाठी लिहिलेली असते. त्यात कस्टमची केवायसी नसते, रीमर (छिद्र मोठं करायचं हत्यार) कुठल्या गल्लीत मिळतो ते नसतं, आणि गोंद वाळत घातला असताना बाहेर जुलैचा पाऊस कोसळत नसतो. म्हणून ठाण्यात बसून हे करताना काय काय आडवं येतं ते क्रमाने लिहितो.

गिटार स्ट्रॅट, म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या, पद्धतीची आहे. मेपल लाकडाचा नेक (मान), सहाही खुंट्या एका ओळीत, दांडीने सूर हलवता येणारा ट्रेमोलोचा ब्रिज, तारा 10–46 (सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). खुंट्या पत्र्याच्या झाकणाच्या, जुन्या धाटणीच्या. तक्रार एकच: दोन गाणी वाजवली की तिसरी आणि चौथी तार उतरते.

8 ते 11 जून: दोष नक्की कुणाचा?

सूर उतरला की सगळे आधी खुंटीकडे बोट दाखवतात. पण तंबोऱ्याची लाकडी खुंटी आणि गिटारची खुंटी यांत मोठा फरक आहे. तंबोऱ्याची खुंटी नुसत्या घर्षणावर उभी असते, म्हणून तिला खडू लावतात. गिटारच्या खुंटीत वर्म गिअर असतो. की, म्हणजे बोटांनी फिरवायचा कान, फिरवला की तार गुंडाळलेला दांडा फिरतो, पण दांड्यावर कितीही ताण आला तरी तो कीला उलटं फिरवू शकत नाही. त्यामुळे धड असलेली खुंटी आपली आपण सुटत नाही. तार उतरते ती बहुतेक वेळा नटमध्ये (नेकच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या पट्टीत) अडकल्यामुळे किंवा दांड्यावरचे वेढे सरकल्यामुळे.

हे ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. तार सुरात लावा आणि पंधराव्या फ्रेटवर दोन-तीन वेळा जोरात बेंड करा, म्हणजे तार बोटाने बाजूला ताणा. ट्यूनरवर तार उतरलेली दिसली की नट आणि खुंटी यांच्यामधला तारेचा तुकडा बोटाने हलकेच दाबून सोडा. सूर परत जागेवर आला तर गुन्हेगार नट आहे. बेंड करताना तार नटमधून पुढे सरकते आणि खाचेत अडकून मागे येत नाही, म्हणून ती उतरलेली राहते. दाबल्यावर मागे ओढली जाते. की फिरवताना नटपाशी ‘टिंग’ असा आवाज येत असेल तर त्याचं कारणही हेच.

माझ्या गिटारवर तिसरी तार या परीक्षेत पकडली गेली. नटच्या खाचा 9–42 च्या तारांसाठी कापलेल्या होत्या आणि वर 10–46 चा संच चढवलेला. तारेच्याच जाडीचा जुना तुकडा घेतला, त्याला 600 नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळला आणि खाचेच्या फक्त भिंतींवर सात-आठ वेळा फिरवला. तळाला लावायचा नाही, नाहीतर खाच खोल होते आणि मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खडखडते. मग 2बी पेन्सिलीचं शिसं खाचेत घासलं. खर्च जवळजवळ शून्य, आणि अर्ध्याहून जास्त त्रास तिथेच संपला. खुंट्यांवर पैसे घालण्याआधी प्रत्येकाने हे करून बघावं, असं मला कळकळीने वाटतं. पुष्कळांना पुढचं काहीच करावं लागणार नाही.

चौथी तार मात्र सुधारली नाही. दांडा दोन बोटांत धरून हलवला तर तो बुशमध्ये (दांड्याभोवतीच्या धातूच्या कड्यात) डुलत होता. की जवळजवळ पाव फेरा फुकट फिरायची आणि मग दांडा हलायचा. तिसरीलाही थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, होताच. असा प्ले असला तरी सूर नेहमी खालून वर चढवत आणला तर गिअरचे दाते एका बाजूला टेकून बसतात आणि काम भागतं. सूर चढला म्हणून की उलटी फिरवून तिथेच थांबलात, तर ती मोकळी जागा पुढच्या बेंडला तार खाऊन टाकते. दांडाच डुलत असेल तर मात्र या युक्तीचा उपयोग नाही. खुंटी बदलावीच लागते.

12 ते 14 जून: मोजमाप

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. व्हर्नियर कॅलिपर घ्या, साध्या पट्टीवर जाऊ नका. चार मापं लागतात: हेडस्टॉकची (खुंट्या बसतात त्या टोकाची) जाडी, छिद्राचा व्यास पुढून आणि मागून, दोन छिद्रांच्या मध्यांमधलं अंतर, आणि मागच्या स्क्रूची जागा.

जुन्या धाटणीच्या खुंट्यांना साधारण 8.8 मिलिमीटरचं छिद्र असतं आणि त्यात पुढून दाबून बसवलेला बुश. आधुनिक, बंद डब्यातल्या खुंट्यांना 10 मिलिमीटरचं छिद्र लागतं आणि त्यांचा बुश षटकोनी, आट्यांचा असतो. माझ्याकडे 8.8 निघालं. म्हणजे एकतर जुन्याच धाटणीच्या चांगल्या खुंट्या घ्यायच्या किंवा छिद्र मोठं करायचं. गोतोह या जपानी कंपनीची एसडी91 ही जुन्या धाटणीची आहे आणि ती तार पकडून ठेवणाऱ्या लॉकिंग प्रकारातही मिळते. पण या प्रकारच्या खुंट्या एकमेकींना खेटून बसतात आणि शेजारच्या दोघींत स्क्रू सामायिक असतो, म्हणून छिद्रांमधलं अंतर तंतोतंत जुळावं लागतं. माझ्या हेडस्टॉकवर ते थोडं जास्त होतं. तुमचं जुळत असेल तर हाच रस्ता धरा, लाकडाला हातही लावावा लागणार नाही.

मी गोतोहची एसजी381 घेतली, मागे अंगठ्याने फिरवायचं लॉक असलेली. गिअरचं प्रमाण 16:1, म्हणजे कीचे सोळा फेरे झाले की दांड्याचा एक. आपल्या जुन्या खुंटीचं प्रमाण घरीच मोजता येतं. दांड्याला मास्किंग टेपचा छोटा झेंडा लावायचा आणि तो परत जागेवर येईपर्यंत कीचे फेरे मोजायचे. माझं 14 भरलं. आकडा मोठा तेवढा सूर बारीक लावता येतो. तंबोऱ्याला त्यासाठी मणके असतात, गिटारला हेच प्रमाण.

मागवताना एक अक्षर नीट बघा. एका ओळीतल्या सहा खुंट्या ‘एल6’ आणि ‘आर6’ अशा दोन प्रकारांत येतात. उजव्या हाताने वाजवणाऱ्याच्या नेहमीच्या हेडस्टॉकला एल6 लागतो, उलट्या हेडस्टॉकला आर6. तीन-तीनच्या हेडस्टॉकला दोन्हींच्या तीन-तीन. चुकून दुसरा संच आला तर सगळ्या की खालच्या बाजूला येतात.

14 जूनला जपानमधल्या विक्रेत्याकडे मागणी नोंदवली. संचाचे 6,850 रुपये, पाठवणीचे 1,750.

23 जून ते 1 जुलै: कस्टम

पार्सल मुंबईत पोचल्याचा निरोप 23 तारखेला आला, सोबत केवायसीची मागणी. परदेशातून स्वतःच्या वापरासाठी काही मागवलं की ओळखपत्र द्यावंच लागतं. आधार, पॅन किंवा पासपोर्ट चालतो. मी आधार जोडलं आणि दोन दिवसांनी ते नाकारलं गेलं. कारण पार्सलवर नाव आणि आडनाव एवढंच, तर आधारवर मधे वडिलांचं नाव. आपल्याकडे निम्म्या महाराष्ट्राचं नाव असंच तीन पदरी असतं. कुरिअर कंपनीच्या हेल्पलाइनवर दोनदा अर्धा-अर्धा तास गेला. शेवटी ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत’ असं सही केलेलं पत्र, पॅन कार्डाची प्रत आणि मागणीची पावती एकाच पीडीएफमध्ये पाठवली तेव्हा 27 तारखेला काम पुढे सरकलं. मागणी नोंदवतानाच पत्त्यावर आधारप्रमाणे पूर्ण नाव घातलं असतं तर हे चार दिवस वाचले असते.

शुल्क वस्तूच्या किमतीवरच नाही, पाठवणीचा खर्चही धरून लागतं, आणि वर कुरिअरची हाताळणी फी. माझे मिळून 4,120 रुपये झाले. दर बदलत असतात, म्हणून माझा आकडा धरून चालू नका. वस्तूच्या किमतीच्या जवळपास दुप्पट रक्कम बाजूला ठेवूनच मागणी नोंदवा. भरल्याची पावती जपून ठेवा.

1 जुलै, मंगळवार. पार्सल नौपाड्यात घरी आलं. उघडून सहाही मोजले: खुंट्या, बुश, वॉशर, स्क्रू. प्रत्येक की फिरवून पाहिली. फुकट फिरणं जाणवेल एवढंही नव्हतं.

5 जुलै: नागदेवी

छिद्र 8.8 वरून 10 करायचं तर ड्रिल मशीनला 10 चा बिट लावून घालणं हा मोह टाळा. आधीच असलेल्या छिद्रात बिटच्या टोकाला धरायला लाकूड उरत नाही. तो कडेला दात मारतो, गिटारला हिसका बसतो आणि पुढच्या पॉलिशचा कपचा उडतो. हाताने फिरवायचा निमुळता रीमर घ्यायचा. वेळ जातो, पण प्रत्येक क्षणी आपण थांबू शकतो.

ठाण्यातल्या दोन हार्डवेअरच्या दुकानांत रीमर होता, पण तो पत्र्याला भोक मोठं करायचा, बोथट. म्हणून शनिवारी मुंबईत मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठला. फास्ट गाडी मशीदला थांबत नाही, स्लो धरा. रविवारी जाऊ नका. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, ‘‘पत्र्यासाठी की लाकडासाठी?’’ लाकूड म्हटल्यावर त्याने सरळ धारांचा, टी-हँडलचा, 3 ते 14 मिलिमीटरचा काढून दिला. 340 रुपये. धार नखावर टेकवून बघावी, नख हलकं खरवडलं गेलं तर चालेल. 1.5 मिलिमीटरचे चार ड्रिल बिट (एखादा मोडतोच), 10 नंबरचा पाना आणि एक बारीक नोज प्लायर मिळून आणखी 410.

6 जुलै: जुन्या खुंट्या निघाल्या, एक स्क्रू तुटला

रविवार, आषाढी एकादशी, दिवसभर पाऊस. 10–46 च्या सहा तारांचा मिळून नेकवर 45 किलोच्या वर ताण असतो. तो एका झटक्यात कापू नये. सगळ्या तारा पाळीपाळीने सैल करत आणल्या आणि मग काढल्या. ट्रेमोलोच्या खाली घडी घातलेलं पुठ्ठं ठेवलं म्हणजे ब्रिज मागे झुकत नाही.

मागचे स्क्रू अगदी बारीक. त्यांना नेमका बसणारा, न झिजलेला स्क्रू ड्रायव्हर लागतो आणि फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जास्त जोर द्यावा लागतो. चौथ्या खुंटीपर्यंत सगळे सुरळीत निघाले. पाचवीचा स्क्रू अर्धा फेरा आला आणि डोकं हातात राहिलं. मेपल कठीण असतं, आणि कारखान्यात पुरेसं भोक न पाडता स्क्रू पिळला असेल तर तो आधीच आतून थकलेला असतो. डोकं तुटलं तेव्हा छातीत धस्स झालं. त्यानंतर सहावीच्या स्क्रूला आधी सोल्डरिंग आयर्नचं टोक अर्धा मिनिट टेकवलं आणि गरम असतानाच फिरवला. लोण्यातून निघावा तसा निघाला. हे सगळ्याच स्क्रूंना पहिल्यापासून करायला हवं. आयर्न फक्त स्क्रूला लागू द्या, पॉलिशला नाही.

तुटलेला तुकडा आत ठेवून पुढे जाता येतं का? नव्या खुंटीचा स्क्रू तिथून लांब येत असेल तर खुशाल ठेवा, वर थोडा गोंद आणि लाकडाचा भुसा. माझा नवा स्क्रू त्याच्यापासून जेमतेम दोन मिलिमीटरवर येत होता. बिट लोखंडाला लागून घसरला असता आणि भोक वाकडं झालं असतं. म्हणून तुकडा काढणं भाग होतं.

जुन्या रेडिओच्या एरियलची पितळी नळी यासाठी उत्तम. साडेचार-पाच मिलिमीटर व्यासाचा तुकडा कापला, एका टोकाला त्रिकोणी कानशीने पाच-सहा दाते पाडले आणि दुसरं टोक ड्रिलमध्ये धरलं. सगळ्यात कमी वेगाने, तुटलेल्या स्क्रूला नळीच्या मधोमध घेऊन, दोन-दोन सेकंद चालवायचं आणि भुसा फुंकायचा. सुरुवातीला नळी नाचते. लाकडाच्या पट्टीला तेवढंच भोक पाडून ती पट्टी वर दाबून धरली की जागेवर राहते. स्क्रूभोवतीचं लाकूड नळीच्या आकारात मोकळं झालं की नोज प्लायरने तो गाभा उलटा पिळून उपटायचा. आठ मिलिमीटर खोल जायला मला चाळीस मिनिटं लागली. गाभा निघाला तेव्हा त्यात स्क्रू उभा होता, लाकडात दाणा असावा तसा.

त्या भोकात बांबूची चॉपस्टिक तासून, फेव्हिकॉल लावून ठोकली. बाकीच्या जुन्या स्क्रूंच्या भोकांत बांबूचे टूथपिक. फेव्हिकॉल एरवी रात्रीत वाळतो, पण जुलैच्या हवेत त्यावर विसंबू नये. पूर्ण आठवडा तसंच ठेवलं. गिटार खिडकीपासून लांब, कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

12 जुलै: छिद्रं

आधी जुने बुश काढले. पुढून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायला जाऊ नका, पॉलिश तिथेच उडतं. बुश मागून ढकलायचा असतो: बुशला आतून आयर्नने थोडी ऊब द्यायची, मागच्या छिद्रातून आठ मिलिमीटरची लाकडी कांडी घालायची आणि तिच्यावर हलक्या टिचक्या. पुढे हेडस्टॉकखाली घडी केलेला टॉवेल.

मग रीमर. व्हर्नियरने 10 मिलिमीटरची जागा शोधून तिथे मास्किंग टेप गुंडाळला, त्यापुढे जायचं नाही. पहिले तीन-चार फेरे उलट्या दिशेने, म्हणजे धार पॉलिशला कापण्याऐवजी खरवडते आणि कड सुटत नाही. त्यानंतर सरळ, सावकाश, दाब न देता. रीमर निमुळता असल्यामुळे छिद्रही निमुळतं होतं, म्हणून थोडं पुढून, थोडं मागून असं आलटून पालटून जायचं. शेवटी मध्यभागी बारीकशी कड उरते. पेन्सिलीवर 120 नंबरचा पेपर गुंडाळून ती काढली. रीमर तिरका जातोय का हे शेजारी छोटा गुण्या उभा करून दर पाच-सहा फेऱ्यांनी तपासत राहिलो.

खुंटी हाताच्या दाबाने आत जावी, ठोकावी लागू नये. दमट हवेत लाकूड फुगलेलं असतं, त्यामुळे अगदी घट्ट बसवलेली पुढे सैल पडेल या भीतीने छिद्र लहान ठेवण्यात अर्थ नाही. पकड पुढच्या बुशच्या दाबाने येते. एका छिद्राला साधारण पंधरा मिनिटं, सहांना दीड तासाच्या वर. दुसऱ्या छिद्रावर मी मधेच रीमर वर ओढला आणि मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा कपचा गेला. खुंटीच्या डब्याखाली तो झाकला जातो, पण पुढून गेला असता तर कायमचा दिसला असता. फिरवणं थांबवून रीमर बाहेर काढू नये, फिरवतच काढावा.

13 जुलै: बसवणं आणि तारा

सहाही खुंट्या घालून पुढचे षटकोनी बुश बोटांनी आवळले. मागे डब्यांच्या कडेला 30 सेंटिमीटरची स्टीलची पट्टी लावून सगळ्या एका रेषेत आणल्या आणि टोच्याने स्क्रूच्या जागा टोचल्या. खुंट्या परत काढल्या. 1.5 चा बिट, आठ मिलिमीटरवर टेपची खूण, ड्रिल अगदी उभं. आधी मेपलच्या तुकड्यावर करून बघितलं. तुकडा नसेल तर सागवान नको, तो मऊ पडतो, बाभळीवर बघा. स्क्रूला मेणबत्तीचं मेण लावायचं, साबण नाही. साबण ओल धरतो आणि पावसाळ्यात स्क्रू गंजतो.

मागचा स्क्रू फक्त खुंटी फिरू नये म्हणून असतो. खरी पकड पुढच्या बुशची. त्यालाही बोटांनी घट्ट झाल्यावर पान्याने साधारण पाव फेरा पुरे. जास्त आवळला की वॉशरभोवती पॉलिशला गोल चीर जाते.

लॉकिंग खुंटीवर तार चढवायची पद्धत वेगळी. दांड्याचं भोक नटच्या दिशेने आणायचं, तार घालून हाताने ताठ ओढायची, मागचं चाक बोटांनी आवळायचं (पक्कड लावू नका) आणि की फिरवायची. अर्ध्या-पाऊण फेऱ्यात सूर लागतो. वेढेच नाहीत, म्हणून सरकायलाही काही नाही. सूर लागल्यावर तीन मिलिमीटर सोडून तार कापायची. या संचात सगळ्या दांड्यांची उंची सारखी असल्यामुळे पहिल्या दोन तारांवरचा दाबणारा हूक काढला नाही. तो काढला तर त्या तारा नटमध्ये नीट टेकत नाहीत.

नेक तासभर ताणाखाली राहू दिला आणि मग ट्रस रॉड (नेकचा बाक सावरणारी आतली सळई), तारांची उंची आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येतो का ते) पुन्हा तपासलं. ट्रस रॉडला अष्टमांश फेरा लागला. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं बेंड आणि ट्रेमोलो वापरून पाहिलं. चौथी तार आता जागेवरून हलत नाही. तिसरी कधीकधी दोन-तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढते. हात नटचाच आहे, पेन्सिल पुन्हा लावली की बसते.

एक बदल आधी लक्षात आला नव्हता. नवा संच जुन्यापेक्षा जवळजवळ शंभर ग्रॅमने जड आहे, आणि ते वजन पट्ट्यापासून सगळ्यात लांबच्या टोकाला. उभं राहून वाजवताना नेक खाली झुकायला लागला. गुळगुळीत नायलॉनच्या पट्ट्याऐवजी आतून खरखरीत चामड्याचा पट्टा घेतला, 650 रुपये, आणि झुकणं थांबलं.

जुन्या सहा खुंट्या, बुश आणि शाबूत राहिलेले स्क्रू एका डबीत, डबीवर तारीख. पावसाळा संपून दिवाळीनंतर हवा कोरडी होईल तेव्हा लाकूड थोडं आकसेल. त्या वेळी सहाही बुश पान्याने एकदा तपासायचे आहेत, म्हणून पाना गिटारच्या बॅगेतच ठेवला आहे.